मुद्दाम चुकलेलं गणित

अप्पा, आज आठवीच्या वर्गात फळ्यावर माझ्याकडून एक राहिला.

म्हणजे काय ते तुम्हाला फोडून सांगायला नको, पण तरी लिहिते. निदान लिहिताना तरी मला ते नीट बघायचं आहे. मधल्या सुट्टीनंतरचा तास. पोरं डबे खाऊन सुस्तावलेली, पंखा वारा कमी आणि आवाज जास्त करतोय, आणि मी राशींमधून सामाईक अवयव काढायला शिकवतेय. फळ्यावर लिहिलं, 12a²b + 18ab² + 6ab. तिन्ही पदांत मिळून मोठ्यात मोठं काय कॉमन आहे? पोरं ओरडली, "सिक्स एबी, मॅडम!" बरोबर. सहा एबी बाहेर काढला, कंस उघडला, पहिल्या पदात उरला 2a, दुसऱ्यात उरला 3b, आणि मी कंस बंद केला. खडू ठेवला, हात झटकले आणि वळून म्हटलं, "घ्या लिहून." तिसरं पद गेलं कुठे? सहा एबीतून सहा एबी बाहेर काढल्यावर त्याच्या जागी एक उरायला हवा होता. तो मी लिहिलाच नाही, आणि वाईट म्हणजे मला ते दिसलंही नाही. मला तो फळा पूर्ण दिसत होता, अप्पा. अगदी पूर्ण आणि बरोबर. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी आहे, लांब वेणीची, जरा आगाऊच, ती टुणकन उठली आणि म्हणाली, "मॅडम, एक राहिला!" सगळा वर्ग हसला, टाळ्या वाजल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडमनी परत गंडवायला बघितलं, पण आपण नाय गंडलो." मी "शाब्बास" म्हटलं. तिला पुढे बोलावून खडू दिला. तिने ऐटीत कंस पुसला, अधिक एक लिहिलं, पुन्हा कंस बंद केला आणि वेणी उडवत जागेवर गेली. मी खुर्चीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून बसल्या असं पोरांना वाटलं असेल.

मी त्यांना गंडवत नव्हते. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. तुमचे जावई बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसलेत, त्यांनाही नाही. मला भीती वाटते, अप्पा. तुमचं डोकं ज्या वाटेने गेलं, त्याच वाटेने माझंही जायला लागलंय की काय अशी भीती वाटते, आणि ही भीती घेऊन मी उद्या पुन्हा त्याच वर्गात उभी राहणार आहे. बास, एवढंच आहे. बाकी सगळं मी इकडचं तिकडचं लिहीन, कारण मला घोळ घालत लिहायची सवय आहे आणि तुम्हाला ती कधीच आवडली नाही.

फळ्यावर मुद्दाम चूक करायची ही खोड तुमची. मोहन्याच्या शाळेत तुम्ही गणित शिकवायचात आणि मी तुमच्याच वर्गात. घरी अप्पा, शाळेत सर. सकाळी तुमच्या हातचा चहा पिऊन निघायचं आणि तासाभराने तुमच्यासमोर उभं राहून "एक साथ नमस्ते" म्हणायचं. पहिल्या दिवशी मी चुकून "अप्पा" म्हणाले तर तुम्ही ऐकू आलं नाही असं दाखवलंत, पुन्हा म्हणाले तरी दाखवलंत, आणि "सर" म्हटल्यावर लगेच ऐकू आलं. वर्गात निम्म्या पोरांचे बाप गावातल्या कंपनीत कामाला. कंपनीचा भोंगा झाला की पोरं खिडकीकडे बघायची आणि तुम्ही त्याच वेळी फळ्यावर काहीतरी वाकडं लिहायचात. अधिकचं उणे करायचात, एखाद्या अक्षरावरचा वर्गाचा दोन खायचात, कंसातलं एखादं पद गिळायचात. मग हात मागे बांधून उभे. कुणी पकडलं तर "शाब्बास" म्हणायचं आणि त्याला खडू द्यायचा, त्याने वर येऊन दुरुस्त करायचं. कुणीच पकडलं नाही तर ती चूक तशीच दुसऱ्या दिवसापर्यंत फळ्यावर. "फळ्यावर विश्वास ठेवू नका," तुम्ही म्हणायचात, "आणि माझ्यावर तर मुळीच नको. गुणून बघा." कंसाबाहेरच्याने आतल्या प्रत्येकाला गुणायचं आणि मूळची राशी परत येते का बघायची. आली तर बरोबर, नाही आली तर सर लबाड आहेत. पोरांना यात एवढी मजा यायची की गणिताच्या तासाला दांडी मारणारा एकही नव्हता. मला मात्र वैताग यायचा. एक तर तुमची चूक मी पकडली तर "घरी सांगितलं असणार" म्हणून पोरी नाकं मुरडायच्या, आणि नाही पकडली तर तुम्ही जेवताना माझ्याकडे बघायचात.

आणि तो दिवस. तो तर तुम्हालाही आठवत असेल, म्हणजे आठवत होता तेव्हा. मला फळ्याशी बोलावलंत आणि असंच एक गणित दिलंत. मी सामाईक अवयव बाहेर काढला, दोन पदं लिहिली आणि कंस बंद केला. तुम्ही विचारलंत, "तिसऱ्यात काय उरलं?" मी म्हटलं, "काही नाही. सगळंच बाहेर आलं." "काही नाही म्हणजे किती?" "शून्य." मग तुम्ही वर्गाकडे वळून म्हणालात, "बाप गणिताचा मास्तर आणि लेकीच्या कंसाला भोक!" अख्खा वर्ग दात काढत होता. मी तिथे रडले नाही, पण घरी येऊन दप्तर असं आपटलं की आईच्या हातातली भाकरी परातीत पडली. आईने विचारलं काय झालं, मी सांगितलं, आणि तुम्ही आत आल्यावर तिने तुम्हाला फैलावर घेतलं. "पोरीला चारचौघांत असं बोलतात?" तुम्ही चुलीशेजारी पाटावर बसलात, तुमची जागा ती, आणि म्हणालात, "चारचौघांत चुकली, चारचौघांत ऐकलं." आई म्हणाली, "मग आता दोघांत समजावा." आणि भाकरी थापता थापता तिनेच सुरुवात केली. "हे बघ, तीन ताटल्या आहेत. एकीत भाकरी-चटणी, एकीत भात-चटणी आणि एकीत नुसती चटणी. सगळ्यांतली चटणी काढून घेतली, तर तिसरी ताटली नाहीशी होते का गं? ताटली राहतेच की." तुम्ही चिडलात. "तसं नसतं ते. अवयव काढणं म्हणजे वजा करणं नव्हे, भागणं. सहाला सहाने भागलं तर काय येतं? एक येतो. शून्य कसा येईल?" आई म्हणाली, "मग मी काय वेगळं सांगतेय? सगळं काढलं तरी काहीतरी उरतं, एवढंच ना?" तुम्ही "हं" म्हणालात आणि भाकरी मागितलीत. दुसऱ्या दिवशी वर्गात तीच ताटली तुम्ही स्वतःची म्हणून खपवलीत. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती किती हसली! म्हणाली, "जाऊ दे, त्यांच्या नोकरीत आपली पण थोडी मदत."

आता मीही तेच शिकवते, डोंबिवलीत, वर्षानुवर्षं. ताटली सांगते, भागाकार सांगते, तरी दरवर्षी पेपर तपासताना तोच एक गायब. पोरांच्या डोक्यातून ते जात नाही, बाहेर काढलं म्हणजे संपलं. काही पोरं दोन पदांत सामाईक दिसलं की तिसऱ्याला न विचारता बाहेर काढून मोकळी होतात. त्यांना मी तुमचंच वाक्य ऐकवते, "एकाकडे जरी नसेल तरी ते सामाईक नाही, मग बाकीच्यांकडे कितीही असो." काही जण नुसता दोन बाहेर काढतात आणि थांबतात, आत अजून तीन आहे, ए आहे, बी आहे, बघायचे कष्ट नकोत. हल्ली तर गणिताचा फोटो काढला की मोबाइल उत्तर देतो, पायऱ्यांसकट. एका पालकाने मला विचारलं, "मॅडम, मग हे शिकायचंच कशाला?" मी काय सांगणार, कपाळ? मी म्हटलं, "मोबाइल चुकला तर कळावं म्हणून." ते म्हणाले, "मोबाइल चुकत नाय, मॅडम." निघून गेले. मी दमलेय, अप्पा. हे तुम्हाला आवडणार नाही, तुम्ही दमलो असं कधी म्हणाला नाहीत, पण मी दमलेय. मराठी तुकड्या कमी होताहेत, उरलेल्यांना सेमी म्हणतात, निम्म्या तासाला मी गणिताऐवजी कसल्या कसल्या ऑनलाइन माहित्या भरत बसते. घशातून संध्याकाळी आवाज निघत नाही. घरी आलं की तुमचे जावई विचारतात, "काय झालं आज शाळेत?" आणि मी "काही नाही" म्हणते, कारण सांगायलाही आवाज लागतो. तरी वर्गात शिरलं, हातात खडू आला, की ते सगळं थोडा वेळ बाहेर राहतं. तेवढं एकच माझं आहे. तेच गेलं तर मी काय करू?

आता तुमच्यावर येते. मला तेच तर विचारायचं आहे, म्हणून एवढा पसारा घातला.

तुमच्या नोकरीची शेवटची दीड-दोन वर्षं. मी तेव्हा नुकती लागले होते, लग्न होऊन डोंबिवलीत आले होते. रविवारी मोहन्याला यायचे. एका रविवारी तुमचे हेडसर घरी आले होते, चहा पिताना म्हणाले, "वहिनी, सर हल्ली फॉर्मात आहेत. पूर्वी तासाला एक चूक मुद्दाम करायचे, हल्ली तीन-तीन करतात. पोरं नुसती उड्या मारतात पकडायला." आई कौतुकाने तुमच्याकडे बघत होती. मीही बघत होते. मला एवढा अभिमान वाटला की सोमवारी मी माझ्या वर्गात सांगितलं, आमचे अप्पा या वयातही पोरांना कसे जागे ठेवतात. तुम्ही बशीत चहा ओतत होतात, थोडा सांडला, बोटाने पुसलात. अख्खी शाळा, अख्खं घर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तुमचं डोकं एकेक पद गाळत होतं आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या कुठल्याही मास्तरचं असं झालं असतं तर महिन्याभरात बोभाटा झाला असता. तुमच्या बाबतीत कुणाला शंकासुद्धा आली नाही, कारण चुका करणं हीच तुमची पद्धत.

कळलं कधी, तर तुम्ही निवृत्त झाल्यावर. आंबिवली स्टेशनकडून घरी यायचा रस्ता, ज्यावरून तुम्ही डोळे मिटून आला असतात, तो तुम्हाला सापडेना. गावातला तुमचा एक जुना विद्यार्थी तुम्हाला हाताला धरून घेऊन आला. रविवार होता, मीही आले होते. तो दारातूनच आईला म्हणाला, "काकू, सर फाटकाजवल उभं व्हतं, कवाचं. मी बोललो, सर, चला घरा. तर मलाच इचारतान, कोणचं घर?" आईने त्याला पाणी दिलं आणि हात जोडून सांगितलं की बाबा, हे कुणाला बोलू नकोस. तो गेल्यावर मला म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची." तिला आधीपासून काही माहीत होतं का? मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता तीही नाही. नंतर मी मागचं सगळं आठवत बसले. त्या तीन-तीन चुका. त्यातल्या मुद्दाम केलेल्या किती आणि झालेल्या किती?

मग तुम्हाला आम्ही डोंबिवलीला आणलं. तुमचे जावई चांगले वागले, खरंच, मी कधी त्यांना तसं म्हटलं नाही ही गोष्ट वेगळी. दुपारी शाळेतून आले की मी तुमच्यासमोर पाटी ठेवायचे. डॉक्टरांनी म्हटलं होतं, डोक्याला काम द्या. नावं जात होती, दिवस जात होते, जेवलात की नाही ते जात होतं, पण सामाईक अवयव तुम्ही काढायचात. आकडे बघितले की डोळे वेगळेच व्हायचे, ते जुने सर परत यायचे. एका दुपारी असंच गणित घातलं. तुम्ही अवयव बाहेर काढलात, कंस उघडलात, दोन पदं लिहिलीत आणि कंस बंद केलात. मी हळूच म्हटलं, "अप्पा, एक राहिला." तुम्ही पाटीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि हसून म्हणालात, "शाब्बास." आणि पाटीवरची पेन्सिल माझ्या हातात दिलीत, वर्गात खडू द्यायचात तशी. मी एक लिहिला. वर बघितलं तर तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात, आणि तुमची मान थरथरत होती. मी चहा ठेवायला म्हणून आत गेले आणि ओट्याशी तोंडात पदर कोंबून रडले. त्यानंतर मी तुमच्यासमोर पाटी ठेवली नाही. तुम्हीही मागितली नाहीत.

तेव्हापासून मला हेच विचारायचं आहे. ते "शाब्बास" म्हणताना तुम्हाला माहीत होतं का, की ही चूक मुद्दाम केलेली नाही? आणि शाळेत, त्या शेवटच्या वर्षी, पोरं उड्या मारत होती तेव्हा? माहीत असेल तर तुम्ही ते सगळं एकट्याने वाहिलंत, रोज, हसत. माहीत नसेल तर निदान तुम्ही सुखात होतात. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत आले की माहीत नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही मला काही दिलं नव्हतं, पेन नाही, साडी नाही, फक्त एवढंच सांगितलंत, "अधूनमधून मुद्दाम चूक कर. पोरं जागी राहतात." मी म्हटलं, "आणि माझी खरीच चूक झाली तर?" तुम्ही म्हणालात, "मग तर फारच सोय." मी हसले होते. विनोद होता तो, आपल्या दोघांतला.

इथपर्यंत लिहून हे कागद मी तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली सारून ठेवले होते. आज पुन्हा काढले.

मधल्या दिवसांत मी ठाण्याला जाऊन आले. घरी सांगितलं शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. माजिवड्याला एक डॉक्टर आहेत मेंदूचे, बरोबरच्या एका बाईंच्या सासऱ्यांना ते बघायचे म्हणून नाव कानावर होतं. तिथे बसलेली सगळी माणसं कुणाला ना कुणाला धरून आलेली, मी एकटीच पर्स मांडीवर घेऊन. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं सगळे माझ्याकडेच बघताहेत. डॉक्टर माझा मुलगा शोभेल अशा वयाचा. नम्र होता. म्हणाला, "मॅडम, शंभरातून सात वजा करा, आलेल्या उत्तरातून परत सात, असं करत जा." मी सुरू झाले, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट, तर तो हसायलाच लागला, "बास, बास, तुम्ही तर मला हरवाल." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग त्याने घड्याळ काढायला लावलं, तेही काढलं. सुरुवातीला पाच शब्द सांगून ठेवले होते, ते विचारले. आंबा, खुर्ची, नदी, दिवा. पाचवा येईना. मी छताकडे बघितलं, त्याच्या टेबलाकडे बघितलं, लहान मुलीसारखी बोटं मोडली. तो म्हणाला, "असू द्या, ताण घेऊ नका." म्हणाला, एवढ्यावरून काहीच म्हणता येत नाही, झोप कमी असेल, थायरॉइड असेल, वय आहे, रक्त तपासू, एमआरआय काढू. मग कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं, "घरच्यांना काय वाटतं? त्यांच्या काही लक्षात आलंय?" मी म्हटलं, "घरच्यांना माहीत नाही." त्याने पेन थांबवलं. म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी त्यांना घेऊन या. बाहेरून बघणारं माणूस लागतं. स्वतःचं स्वतःला कळेलच असं नसतं." पाचवा शब्द चप्पल होता. रिक्षात बसताना माझ्या चपलेचा अंगठा दुमडला तेव्हा आठवला. मी रिक्षावाल्याला मोठ्याने म्हटलं, "चप्पल!" तो बिचारा मागे वळून म्हणाला, "काय झालं ताई, राहिली का?"

घरी आले तेव्हा तुमच्या जावयांनी पोहे केले होते. जरा कोरडे झाले होते. "कसं झालं प्रशिक्षण?" "नेहमीसारखंच." सांगायची वेळ तीच होती. ताटलीत पोहे, समोर माणूस, टीव्ही बंद. तोंडापर्यंत आलं होतं. पण सांगितलं की ते काय करतील ते मला माहीत आहे. ते ओरडणार नाहीत, रडणार नाहीत. ते माझ्याकडे बघायला लागतील. गॅस बंद केलाय का, किल्ली घेतलीय का, कुणाचं नाव विसरले का, हळूच, प्रेमाने, दिवसभर. आम्ही तुमच्याकडे बघायचो तसं. त्या बघण्याने तुम्ही किती अंग चोरून घेतलं होतंत ते मी बघितलंय. मी पोहे खाल्ले आणि "छान झालेत" म्हटलं.

आणि मग काल. पुन्हा आठवी, पुन्हा सामाईक अवयव, कारण चाचणीत निम्म्या वर्गाने माती खाल्ली होती. या वेळी मी जपून होते. आदल्या दिवशी गणितं सोडवून आणली होती, नव्या शिकाऊ बाईसारखी. 15x²y − 10xy² + 5xy. पाच एक्सवाय बाहेर. कंसात एक लिहिला, मुद्दाम ठळक लिहिला, त्याच्याकडे दोनदा बघितलं. ती वेणीवाली उठली. "मॅडम, एक आहे, पण मधलं मायनस होतं, तुम्ही प्लस केलंय." मी बघितलं. खरंच केलं होतं. टाळ्या वाजल्या. मी खडू पुढे केला. ती पुढे आली, अधिकचं उणे केलं, आणि खडू परत देताना, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात तिने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही मुद्दाम केलेलं ना?"

इतक्या वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं. तुम्हाला कुणी विचारलं होतं का? ती माझ्याकडे बघत होती, आगाऊपणा नव्हता त्यात. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती, अप्पा. चौदा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर माझी काळजी. तिला खरं सांगता आलं असतं. चुकलं बाई माझं, एवढं म्हटलं असतं तर काय आकाश कोसळणार होतं? माणसं चुकतात. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, हसले, आणि म्हटलं, "मग? उगाच का करेन?" ती सुटल्यासारखी हसली आणि जागेवर गेली.

ते वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला कळलं की तुम्हाला माहीत होतं. सगळं माहीत होतं, पहिल्या चुकीपासून. हे असं हसू माहीत असल्याशिवाय येतच नाही. एवढी वर्षं मी समजत होते की तुम्ही अंधारात होतात, आणि तुम्ही तर भर उजेडात उभे होतात, हातात खडू घेऊन, चाळीस पोरांसमोर, आणि तुमच्या बरोबर कुणी नव्हतं. मी नव्हते. मी माझ्या वर्गात तुमचं कौतुक सांगत होते. मला तुमचा फार राग आला, आणि लगेच इतकं वाईट वाटलं की उरलेला तास मी पोरांना पाठ्यपुस्तकातली उदाहरणं सोडवायला लावली आणि खिडकीशी उभी राहिले. सांगायचं होतंत, अप्पा. मी ओरडले असते, रडले असते, पण रोज दुपारी आले असते. एकट्याने कशाला केलंत?

हे पत्र कुठे जायचं नाही, ते मला माहीत आहे. एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्यात आहे आणि डॉक्टरांनी घरचं माणूस आणायला सांगितलंय. तुमचे जावई आत्ताच दारात येऊन विचारून गेले, "एवढं काय लिहितेयस?" मी म्हटलं, "पेपर तपासतेय." खरं सांगू का, यातली ओळ न् ओळ त्यांनाच सांगायची होती. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही माझ्याकडे तसं बघत राहणार नाही.